झिजलेल्या वस्तूंचे पोत आणि रंग टिपताना: झिजेची दिशा कशी ओळखावी?

तिरपा कवडसा (धागालेखक)

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरी न्हाणीच्या कोपऱ्यात आजही तांब्याचा बंब आहे. रोजचे पाणी आता गॅसवर तापत असले, तरी दिवाळीच्या दिवसांत आणि घरात पाहुणे वाढले की तोच पेटवला जातो. त्याच्या अंगावर इतक्या वर्षांत जे साठले होते, ते मी दोन वर्षे नुसते पाहत होतो. बुडाशी काजळीचा मऊ काळा पट्टा होता, त्याच्या वर धुराने तपकिरी पडलेले तांबे होते, तोटीखाली पाणी ठिबकून ठिबकून हिरवट ओघळ उतरला होता आणि झाकणाच्या काठाशी, जिथे हात लागतो तिथे, गुलाबीसर तांबे उघडे पडले होते. निवांतपणे एकदा छायाचित्र घेऊ, असे म्हणत मी ते काम पुढे ढकलत राहिलो. मागच्या वसुबारसेला कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन न्हाणीत गेलो, तर आईने आदल्या दिवशीच चिंच आणि मीठ लावून बंब लख्ख घासून ठेवला होता. चिंचेतल्या आम्लाने तो सगळा थर, त्या हिरव्या ओघळासकट, धुऊन नेला होता.

मन फार खट्टू झाले. तरीही ट्रायपॉड मांडलाच होता म्हणून थांबलो. आठच्या सुमारास पूर्वेच्या झरोक्यातून ऊन बंबाच्या कडेवर आले आणि जो भाग मला कोरा वाटत होता, त्यावर हजारो बारीक चरे उमटले. सगळे चरे कमानीसारखे होते आणि एकाच बाजूला कलले होते, कारण आई उजव्या हाताने खालून वर, अर्धगोल घासते. तोटीच्या मागे हात फिरायला जागा नसल्याने तेथे ते आखूड आणि उभे झाले होते. मग भिंग जवळ नेले, तेव्हा या ताज्या चऱ्यांच्या खाली आणखी जुने, थोडे खोल चरे दिसले आणि ते नेमके उलट बाजूला कलले होते. माझी आजी डावखुरी होती. तिला जाऊन अकरा वर्षे झाली.

त्या सकाळपासून झिजलेली कोणतीही वस्तू पाहताना माझा पहिला प्रश्न बदलला. आधी मी रंग शोधत असे, आता झीज कोणत्या दिशेने झाली ते शोधतो. हाताने घासलेल्या वस्तूवर हाताच्या वळणाच्या कमानी असतात. पाण्याने झिजलेल्या वस्तूवर ओघळ वरून खाली येतात आणि वाटेतल्या प्रत्येक उंचवट्यापाशी फुटतात. पायाने झिजलेल्या उंबरठ्याला मध्यभागी पन्हळ पडते. रंगाचे पोपडे सुटतात ते बहुधा कडेपासून, खिळ्यापासून किंवा जुन्या चिरेपासून, कारण ओल तेथूनच आत शिरते. ही दिशा एकदा ध्यानात आली की चौकट कोठे ठेवायची आणि ती आडवी धरायची की उभी, याचा निर्णय फारसा अवघड उरत नाही. दिशा ओळखल्याशिवाय घेतलेले छायाचित्र नुसते डागाचे छायाचित्र होते, असा माझा अनुभव आहे.

उजेडाचेही गणित यातूनच सुटते. चऱ्यांना आडवा छेद देणारा तिरपा उजेड असेल तर चरे दिसतात. उजेड चऱ्यांच्या लांबीने गेला तर ते जवळजवळ नाहीसे होतात. बंबासारख्या गोल भांड्यावर उजेड संपून सावली सुरू होते, त्या अरुंद पट्ट्यात पोत सर्वांत ठळक उठतो. मात्र हाच तिरपा उजेड रंगाला मारक आहे, कारण प्रत्येक उंचवट्यावर चमक येते आणि खालचा रंग धुतल्यासारखा फिका दिसतो. रंग हवा असेल तर ढगाळ दिवसासारखे औषध नाही, आणि त्या बाबतीत आपण कोल्हापूरकर भाग्यवान आहोत. जून ते सप्टेंबर या काळात आपल्यावर जे करडे आभाळ असते, त्याला इतर लोक कंटाळतात, पण गंज, शेवाळ, जुना ऑइल पेंट आणि ओले लाकूड यांचे खरे रंग त्याच उजेडात दिसतात. म्हणून मी आता एकाच वस्तूच्या दोन बैठका करतो. पोतासाठी सकाळचे ऊन आणि रंगासाठी पावसाळी दुपार.

आपापल्या घरातल्या, गल्लीतल्या, कामाच्या ठिकाणच्या अशा वस्तूंविषयी आणि त्या टिपताना आलेल्या अडचणींविषयी येथे लिहावे, ही विनंती. एक प्रश्न मला स्वतःला सतत पडतो, तोही मांडतो. असे अमूर्त छायाचित्र दाखवताना ती वस्तू कोणती हे सांगावे की पाहणाऱ्यावर सोडावे?

पाटा-वरवंटा

धागा वाचून लगेच उठून आमचा पाटा पाहून आले. सासूबाईंच्या माहेरचा हा पाटा काळ्या दगडाचा आहे आणि तांबड्या रश्श्याचे वाटण आम्ही अजूनही त्याच्यावरच करतो. तुम्ही म्हणता तशी झिजेची दिशा येथे अगदी उघड आहे, कारण वरवंटा फक्त पुढे-मागे जातो. मध्यभाग आरशासारखा तुकतुकीत झाला आहे आणि दोन्ही कडांना मात्र टाकीचे जुने ठोके तसेच शाबूत आहेत. या ठोक्यांच्या बारीक खड्ड्यांत हळद मुरली आहे आणि काही ठिकाणी मिरचीचा तांबूसपणा राहिला आहे, जो कितीही धुतले तरी जात नाही. काळ्या दगडात पिवळे ठिपके, असे ते दृश्य आहे.

मी घेतलेल्या छायाचित्रांत एक गोष्ट लक्षात आली. पाटा कोरडा असताना दगड राखाडी आणि निर्जीव दिसतो. पाण्याचा हात फिरवला की तोच काळाभोर होतो आणि हळदीचे ठिपके उठून येतात, कारण खरबरीत पृष्ठभागावर उजेड सगळीकडे विखुरतो, तर पाण्याने खड्डे भरले की हे विखुरणे कमी होते. पण ओल्या पाट्यावर खिडकीची पांढरी चमक पडते आणि ती मला कशीच टाळता आली नाही. पोलरायझर फिल्टर, म्हणजे चमक कापणारी भिंगापुढची काच, विकत घ्यावा का, हे कोणी जाणकारांनी सांगावे. शिवाय काळ्या दगडाचे छायाचित्र कॅमेरा दर वेळी उजळ करून ठेवतो, त्याचेही काही करता येत असेल तर सांगावे.

उद्यमनगरचा लेथ

ताई, पाट्यासाठी पोलरायझर अवश्य घ्या. दगड, पाणी, ऑइल पेंट, पॉलिश केलेले लाकूड, चामडे अशा धातू नसलेल्या पृष्ठभागांवरची चमक एका विशिष्ट कोनात बरीचशी ध्रुवित होते, म्हणजे तिच्या लहरी एकाच दिशेत हलतात, आणि फिल्टर फिरवला की ती कापली जाते. हा कोन पाण्यासाठी सुमारे ५३ अंश आणि रंगाच्या किंवा काचेच्या पृष्ठभागासाठी सुमारे ५६ अंश असतो, आणि तो पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजायचा असतो. म्हणजे पाट्याच्या डोक्यावर कॅमेरा सरळ धरून फिल्टर फिरवत बसलात तर फरक दिसणार नाही. थोडे बाजूला सरकून, तिरपे पाहावे लागेल.

माझे काम धातूचे असल्याने मला उलट अनुभव आला आणि तो येथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण यात माझे पैसे आणि दोन महिने गेले. उघड्या, घासलेल्या धातूवरची चमक पोलरायझरने जवळजवळ कमी होत नाही. फिल्टर आणून मी लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, घासलेल्या बैठकीवर आणि जुन्या ओतीव पुलीवर प्रयोग करत राहिलो आणि फिल्टरच बिघडलेला आहे असे समजत राहिलो. वास्तविक दोष फिल्टरचा नव्हता. गंजावर, तेलाच्या थरावर आणि रंगावर तोच फिल्टर उत्तम चालतो. घासलेल्या धातूसाठी उपाय वेगळा आहे. धातू आरशासारखा असतो, त्यामुळे त्याच्यात काय दिसावे हे आपण ठरवायचे. मी वस्तूसमोर दोन बाजूंना पांढरे धोतर ताणून धरतो आणि एका बाजूला काळे कापड ठेवतो. धातूत पांढऱ्याचे आणि काळ्याचे प्रतिबिंब पडते आणि मधल्या सीमेवर प्रत्येक ओरखडा उठतो.

रंगाची हौस असेल तर आमच्या शिवाजी उद्यमनगरासारखी जागा नाही. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि त्या थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतात. साधारण २२० अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट गवती पिवळा, त्यापुढे तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या आसपास गडद निळा, असा हा क्रम असतो. लेथवरून कातून निघालेल्या पोलादाच्या गुंडाळीत, बोथट ड्रिलच्या टोकाशी किंवा बुलेटच्या सायलेन्सरच्या वळणावर हे सगळे रंग एकाच वितीत मिळतात. हा रंग रंगद्रव्याचा नसून उजेडाच्या लहरींच्या एकमेकींत मिसळण्याचा आहे, त्यामुळे पाहण्याचा कोन बदलला की रंगही थोडा सरकतो. चौकट ठरवण्याआधी डोके दोन-चार इंच इकडे-तिकडे हलवून पाहावे, एवढे माझे सांगणे आहे. ज्या गावात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वदेशी सिने-कॅमेरा घडवला, त्या गावातल्या लेथवरच्या निळ्या गुंडाळीकडे कॅमेऱ्याने पाहावे, याचे मला फार समाधान वाटते.

रंकाळ्याची नवखी

सर्वांचे लिखाण मन लावून वाचते आहे. माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ॲल्युमिनियमच्या किटल्या असतात, त्यांच्यावरच्या पोच्यांत सकाळचे आभाळ वेगवेगळ्या तुकड्यांत दिसते आणि मला ते टिपायचे आहे. पण फोन जवळ नेला की चित्रच बदलते आणि धातूचा पोत मेणासारखा गुळगुळीत होतो. मोबाईलवर हे जमेल का?

तिरपा कवडसा (धागालेखक)

ताई, नक्की जमेल. फोन फार जवळ नेल्यावर अनेक फोन आपोआप दुसऱ्या, जास्त रुंद कोनाच्या कॅमेऱ्यावर उडी मारतात आणि म्हणून चित्र बदलल्यासारखे वाटते. ही आपोआप होणारी मॅक्रोची सोय सेटिंगमध्ये बंद करावी, हात-दीड हात मागे राहावे आणि नंतर हवा तेवढा भाग कापून घ्यावा. मेणासारखा गुळगुळीतपणा येतो तो फोनच्या आतल्या प्रक्रियेमुळे. कमी उजेडातले दाणे पुसताना फोन त्यांच्यासोबत खरा पोतही पुसून टाकतो. त्यामुळे भरपूर उजेडात काम करावे आणि फोनमध्ये रॉ स्वरूपात, म्हणजे प्रक्रिया न करता, साठवण्याची सोय असेल तर ती वापरावी. किटलीवर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड बांधून ठेवता येतो. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी, म्हणजे पोच्यांतले आभाळ पांढरे फट्ट होणार नाही.

पाटा-वरवंटा ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच्याशी जोडलेले आहे. समोर काहीही असले तरी ते मध्यम करड्या रंगाचे असावे असे धरूनच कॅमेरा उजेड मोजतो. काळ्या पाट्याला तो करडा करतो आणि चुन्याच्या भिंतीलाही करडी करतो. पाट्यासाठी एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा उजेड) आणि पांढऱ्या भिंतीसाठी एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट), येथून सुरुवात करावी आणि मग पडद्यावर पाहून ठरवावे.

ज्यांच्याकडे मॅक्रो भिंग आहे त्यांच्यासाठी थोडे अधिक लिहितो. जवळून पाहताना फोकसची खोली इतकी कमी होते की कॅमेरा पृष्ठभागाला जरा जरी तिरपा असेल तरी चौकटीची एक बाजू विरघळते. भिंतीला, पत्र्याला किंवा फळीला कॅमेऱ्याची पाठ अगदी समांतर ठेवावी. मी ट्रायपॉड लावल्यावर बाजूला जाऊन दोघांमधले अंतर वर, खाली आणि दोन्ही कडांना टेपने मोजतो. खोली वाढवण्यासाठी अॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, फार लहान करण्याचाही उपयोग होत नाही, कारण वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी, म्हणजे १:१ प्रमाणात, उमटते तेव्हा एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/१६ इतके अरुंद झालेले असते आणि त्याच्या पुढे गेल्यास विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. बंब, किटली अशा गोल वस्तूंच्या बाबतीत मी सरळ हार मानतो आणि एक अरुंद उभा पट्टाच चौकटीत घेतो.

रापी-आरी

माझे मामा सुभाषनगरात चपला बनवतात. त्यांच्या बैठकीपुढच्या लाकडी फळीविषयी लिहितो, कारण धागालेखकांनी सांगितलेली झिजेची दिशा मी इतकी स्पष्ट दुसरीकडे कोठेच पाहिली नाही.

या फळीवर कातडे ठेवून रापीने, म्हणजे कातडे कापायच्या पात्याने, तळ कापले जातात. रापी कातड्यातून आरपार जाऊन लाकडात थोडी शिरते आणि प्रत्येक तळामागे फळीवर एक रेघ उरते. मामा फळी दर वेळी त्याच बाजूने धरतात, त्यामुळे टाचेची गोलाई एका कोपऱ्यात आणि अंगठ्याकडचे वळण दुसऱ्या कोपऱ्यात, असे वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच जागी कापले गेले आहे. सहा नंबर, सात नंबर, आठ नंबर अशा मापांच्या कमानी एकात एक बसून, तळ्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारख्या दिसतात. त्या खाचांत कातड्याची बारीक भुकटी, तेल आणि रंग मुरून काळसर तपकिरी छटा आली आहे. हे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते, त्यामुळे त्याचा मूळ रंग फिकट बदामी असतो आणि ऊन, तेल, घाम लागत जाईल तसा तो गडद होत जातो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पुष्कळ लोक येऊन मामांच्या नव्या चपलांची छायाचित्रे घेऊन गेले. फळीकडे कोणी पाहिले नाही.

अडचण आली ती उजेडाची. खोलीत एका बाजूने ट्यूबलाइटचा हिरवट उजेड आणि दाराकडून दिवसाचा निळसर उजेड, असा दुहेरी मारा होता, त्यामुळे फळीचा अर्धा भाग एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा दिसत होता. असे चित्र नंतर संगणकावर कितीही सुधारले तरी एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते. शेवटी मामा जेवायला उठले तेव्हा त्यांच्या परवानगीने ट्यूब बंद केली, एकट्या दाराच्या उजेडात, ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा वेळ देऊन छायाचित्र घेतले आणि आधी एक चौकट करड्या कार्डाची घेऊन ठेवली, म्हणजे नंतर रंग त्याच्यावरून जुळवता आला. फळीवरची भुकटी मी झाडली नाही. झाडावीशी वाटत होती, पण ती झाडली असती तर खाचांचा रंगच गेला असता.

पंचगंगेकाठ

मी सहसा लिहीत नाही, परंतु धागालेखकांनी विचारलेल्या प्रश्नावर मला काही सांगायचे आहे आणि ते थोडे कडू आहे.

२०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीइतके पाणी होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते, एवढे सांगितले की इथल्या लोकांना पुढचे सांगावे लागत नाही. पाणी उतरल्यावर आमचे लोखंडी कपाट गल्लीत काढून ठेवावे लागले. हिरव्या रंगावर गाळाच्या आडव्या रेघा होत्या, पाणी जसे टप्प्याटप्प्याने उतरले तशा एकाखाली एक, आणि खालच्या सांध्यांतून नारिंगी गंज वर चढू लागला होता. काही महिन्यांनी एका प्रदर्शनात मी एक मोठे छायाचित्र पाहिले. हिरव्यावर तपकिरी पट्टे, खाली नारिंगी झळाळी, आणि त्याला संध्याकाळच्या आभाळाचे नाव दिलेले होते. कोपऱ्यात अर्धवट खरवडलेले एक स्टिकर होते. ते माझ्या मुलीने पहिलीत असताना चिकटवलेले होते. छायाचित्र सुंदर होते, हे मी नाकारत नाही. पण तेथे उभी असलेली माणसे त्या रंगांचे कौतुक करत होती आणि ते आमचे कपाट आहे, त्यात आमच्या लग्नातल्या साड्या कुजल्या, हे तेथे कोणालाही कळण्याचा मार्ग नव्हता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वस्तू कोणती, कोठली आणि तिच्यावर ही वेळ कशाने आली, हे लिहिलेच पाहिजे. जे लिहायचे नसेल ते टिपूही नये.

तिरपा कवडसा (धागालेखक)

ताई, आपला प्रतिसाद दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचला आणि मगच उत्तर लिहायला बसलो. त्या पुरानंतर मीही कॅमेरा घेऊन व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या बाजूला फिरलो होतो. भिंतींवरच्या गाळाच्या रेघा मी टिपल्या होत्या आणि कोणालाही विचारले नव्हते. वस्तू रस्त्यावर आहे म्हणजे ती कोणाची नाही, असे मी धरून चाललो होतो. ती चूक होती. आता मी दार वाजवून विचारतो आणि छायाचित्राची एक प्रत त्या घरी नेऊन देतो.

आपल्या शेवटच्या वाक्याशी मात्र मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. वस्तूचे नाव आधीच वाचले की पाहणारा चित्र पाहायचे सोडून वस्तू ओळखू लागतो, आणि रेघ, रंग, वळण यांच्याकडे त्याची नजर थांबत नाही. माझ्या मते आपल्याला लागलेले शल्य चौकटीने दिलेले नाही, ते त्या खोट्या नावाने दिलेले आहे. गाळाला संध्याकाळ म्हणण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नव्हता. मी यापुढे समोर फक्त क्रमांक लावीन, आणि वस्तू, गल्ली, महिना व वर्ष हे मागच्या बाजूला किंवा खालच्या ओळीत लिहीन, म्हणजे आधी पाहणे होईल आणि नंतर कळणे होईल. आपल्याला हे पुरेसे वाटते का, ते अवश्य सांगावे.

कोटीतीर्थाचा रंगारी

मी चित्रकलेच्या बाजूने या चर्चेत येतो. अमेरिकेतले छायाचित्रकार एरन सिस्किंड (१९०३–१९९१) यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या माणसांचे जीवन टिपले होते. पुढे १९४० च्या दशकात ते सुटलेले रंग, फाटलेली भित्तिपत्रके आणि भिंतींवरचे डाग यांच्याकडे वळले. अशा छायाचित्रांना ते बहुधा गावाचे नाव, वर्ष आणि क्रमांक एवढेच शीर्षक देत असत. धागालेखकांनी सुचवलेला मार्ग त्याच्या जवळचा आहे, आणि त्यात खालच्या ओळीत वस्तूचे नाव घालणे ही पंचगंगेकाठ ताईंच्या म्हणण्याला धरून झालेली योग्य भर आहे, असे मला वाटते. आपल्याकडे चित्रकार आबालाल रहमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून परत आले आणि याच कोटीतीर्थ तलावाच्या काठी राहून त्यांनी पाणी, झाडे आणि उजेड पुन्हा पुन्हा रंगवला. एकाच जागेकडे वेगवेगळ्या वेळी परत जाण्याची ती शिस्त मला छायाचित्रकारांनीही घ्यावीशी वाटते. एकदा टिपले आणि संपले, असे करू नये.

रंगाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. गंज, तालमीतली तांबडी माती, कुंकू, जुन्या एसटीचा लाल पत्रा, अशा वस्तूंच्या चित्रांत लाल वाहिनी, म्हणजे कॅमेऱ्यातली लाल रंगाची नोंद, सर्वांत आधी भरून वाहते. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख पाहिला तर तो उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि तेथे पोत नाहीसा होऊन सपाट नारिंगी पट्टा उरतो. दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवून घ्यावे आणि तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहावेत.

छपाईत मी स्वतः पस्तावलो आहे. तालमीच्या मल्लखांबाचे एक छायाचित्र मी छापायला दिले होते. एरंडेल मुरून काळेभोर झालेले ते लाकूड आणि मल्लांच्या मांड्यांची पकड जिथे बसते तिथला मधासारखा पट्टा, एवढेच त्यात होते. छपाई करणाऱ्यांनी मला न विचारता काळे उजळले, रंग भडक केले आणि चकचकीत कागदावर छापून दिले. मल्लखांब प्लॅस्टिकचा वाटू लागला. दुसऱ्यांदा मॅट कागदावर, दुरुस्ती करू नये असे लेखी सांगून आणि आधी तळहाताएवढा नमुना काढून घेतला, तेव्हा ते लाकूड पुन्हा लाकूड दिसले. पोताच्या चित्राला चकचकीत कागद देऊ नये, कारण कागदाची चमक आणि वस्तूची चमक यांत डोळ्याला फरक करता येत नाही.

पंचगंगेकाठ

धागालेखक, क्रमांक आणि खालची ओळ मला मान्य आहे. ओळीत वर्ष मात्र चुकवू नका. कपाट आता नाही, पण त्याचा एक खण मुलीने ठेवून घेतला आहे. रेघा अजून आहेत. आपल्याला टिपायचा असेल तर या, घरी कोणीतरी असते.

पाटा-वरवंटा

सर्वांचे आभार. पोलरायझर आणला, एक स्टॉप कमी ठेवला आणि पाट्याच्या बाजूला चटईवर बसून, तिरपे पाहून छायाचित्र घेतले. हळदीचे ठिपके हवे तसे आले. रंगारी म्हणतात ते अगदी योग्य वेळी वाचनात आले, कारण काल सकाळी गल्लीत टाकीवाले आले आणि सासूबाईंनी पाटा बाहेर काढला. मी त्यांना दहा मिनिटे थांबवून त्याच चटईवर, त्याच जागी तो पुन्हा टिपून घेतला. मग टाकी लागली. मधला आरशासारखा भाग आता पांढरट ठोक्यांनी भरून गेला आहे आणि कडेचे हळदीचे खड्डे मात्र तसेच आहेत, कारण कडेला टाकी मारू नका, असे मी हळूच सांगितले होते. आधी मूठभर तांदूळ वाटून दगडाची कच काढून टाकायची असते, ते आज झाले. उद्या पहिले वाटण आहे. त्याआधी सकाळी साडेसातला, खिडकीत ऊन असताना, तिसरी चौकट घेणार आहे.